चार वाजताचं निरीक्षण

चार वाजायला दोन मिनिटं कमी असताना फौजदार स्टुलावर चढली आणि भिंतीवरच्या दाबमापकाच्या काचेवर तिनं हलकेच एक टिचकी मारली.

"दार वाजवतेस की काय?" खालून वही धरून उभा असलेला वटवट्या म्हणाला. "आतून कुणी यायचं नाहीये."

"तू गप्प. काटा अडकून बसलेला असतो, तो सुटा व्हायला मारायची असते. बाईंनी दहादा सांगितलंय." तिनं मान तिरकी केली, मग सरळ केली, मग एक डोळा मिटला. "लिही. नऊशे अडतीस पॉइंट चार."

"सकाळी दहाला एक्केचाळीस पॉइंट नऊ होता. म्हणजे साडेतीन उतरला."

"मी बघते. तुझी वजाबाकी कोण धरणार?"

या पोरीला वर्गात कुणी नावानं हाक मारत नसे. दुसऱ्याची पाटी-वही दिसली की तपासल्याशिवाय तिचा हात राहत नसे, म्हणून ती फौजदार. तिनं वहीत डोकं घालून वजाबाकी तपासली आणि काही चूक सापडली नाही म्हणून थोडी हिरमुसली.

टेबलाशी उभ्या बाई हे सगळं कानानं बघत होत्या. सहावीच्या या वर्गात दोन महिन्यांपूर्वी त्यांनी दाबमापक टांगलं, तेव्हापासून दिवसातून दोनदा हा सोहळा चाले. सकाळी दहा, दुपारी चार. काल फरक दोन पॉइंट आठ होता, परवा चार पॉइंट एक. एक दिवस दुसऱ्यासारखा नाही. पण चारला काटा उतरतो म्हणजे उतरतोच. पोरांनी त्याला 'चारची डुलकी' असं नाव ठेवलं होतं.

"बाई, या काट्याला रोज चारलाच का झोप लागते?" वटवट्यानं विचारलं. "शेवटच्या तासाला तर आम्हालाही लागते."

वर्ग खिदळला. बाईही हसल्या.

"ऊन सगळ्या हवेला तापवतं, रात्र तिला निववते. एवढा मोठा हवेचा समुद्र, तो त्या तापण्यानिवण्यानं हलतो. सकाळी दहाच्या सुमारास दाब चढलेला, दुपारी चारच्या सुमारास उतरलेला. ही झाली रोजची ये-जा. तिची काळजी करायची नाही. पण त्याहून खूप जास्त उतरला, आणि नंतर चढायचं नावच घेत नाही, तर समजायचं की काहीतरी निघालंय आपल्याकडे."

"काय?"

"वारा. ढग. पाऊस. जिथे दाब कमी, तिकडे आजूबाजूची हवा धाव घेते. सगळीकडून आली की जायला जागा कुठे? मग वर चढते. वर गेली की गार होते आणि तिच्यातल्या वाफेचे ढग होतात."

"म्हणजे मधल्या सुट्टीत ही फौजदार डबा उघडते आणि आम्ही सगळे धावतो, तसं."

"तसंच. फरक इतकाच, की हवा ओरबाडत नाही."

घंटा झाली. दप्तरांचा, बाकांचा, चपलांचा एकच कल्लोळ उठला आणि ओसरला. फौजदार मात्र टेबलाशी येऊन उभी राहिली. तिच्या हातात आलेखाचा कागद होता आणि बगलेत एक जुनी, निळ्या पुठ्ठ्याची वही.

त्या वहीचं सांगायला हवं. बाईंचे वडील गावाबाहेरच्या टेकडीवर हवामान केंद्रात निरीक्षक होते. केंद्र म्हणजे एक खोली, एक आवार, आणि त्या आवारात ते एकटे. सकाळी एक शिपाई येऊन झाडून जायचा, तेवढाच. सरकारी नोंदवही वरच्या कचेरीत जाई; पण तिच्यात उतरवण्याआधी ते आकडे आपल्या हातवहीत लिहीत. अशा एकतीस वर्षांच्या एकतीस हातवह्या घरी पत्र्याच्या पेटीत होत्या. या वर्षी बाईंनी त्या मागितल्या, तेव्हा वडील म्हणाले होते, "सगळ्या कशाला? शेवटच्या पाच ने. पोरांना तेवढ्या पुरे." बाईंनी पेटीच उचलून आणली होती. एकेका मुलाला एकेक वही दिली, रोजच्या दहा आणि चारच्या आकड्यांतला फरक काढा, त्याचा आलेख काढा, म्हणून सांगितलं. आणि येत्या शुक्रवारी खुद्द निरीक्षकआजोबा वर्गात येणार, मुलं त्यांना प्रश्न विचारणार, असं ठरलं होतं.

"बाई, माझा आलेख बिघडलाय," फौजदार म्हणाली. असं ती सहसा कबूल करत नसे.

"बघू."

आलेख सुरुवातीला करवतीच्या दातांसारखा होता. वर, खाली, थोडा वर, खूप खाली. मग एका ठिकाणाहून रेघ सरळ झाली होती. पट्टीनं ओढल्यासारखी सरळ. कागदाचा अर्धा भाग ती तशीच चालत गेली होती आणि मग एकाएकी पुन्हा दात फुटले होते.

"इथे रोज बरोबर तीनच उतरतो. रोज. मी तीनदा वजाबाकी केली. आपला काटा कधी असं करत नाही ना, बाई?" मग आवाज खाली आणून, "आणि हे बघा, या दिवशी सकाळी शेऱ्यात लिहिलंय, 'आभाळ पूर्ण भरलेलं, सोसाट्याचा वारा'. दुसऱ्या दिवशी सकाळी दाब तब्बल नऊनं पडलेला. आणि मधल्या चार वाजता? फक्त तीन. वादळ येताना कुणी तीन उतरतं का?"

बाईंनी वही हातात घेतली. सरळ रेघ जिथे सुरू होत होती तिथली तारीख पाहिली. मग पानं उलटत जिथे संपत होती तिथली पाहिली. मग वही मिटली, आणि पुठ्ठ्यावरून हात फिरवला, जशी काही धूळ होती.

"बाई? चुकलं का माझं?"

"नाही. म्हणजे बघते मी. राहू दे माझ्याकडे आजच्या दिवस."

फौजदार गेली. बाई बसल्या. ज्या तारखेला आलेखाला पुन्हा दात फुटले होते, तिच्या तीन दिवस आधी त्यांची आई गेली होती.

*

तेव्हा बाई बाई नव्हत्या. अकरा वर्षांची एक पोर होती, समोर बसतात त्यांच्याएवढीच.

आई सात महिने रुग्णालयात होती. भेटायची वेळ चार ते पाच. फाटकावरचा माणूस इतका कडक, की पाच मिनिटं आधी आत सोडणार नाही आणि पाच मिनिटं नंतर थांबू देणार नाही. आणि चार वाजता बाबांचं निरीक्षण. ते टळणं शक्य नव्हतं. इथला आकडा चुकला तर दूर कुठेतरी कुणाच्या तरी नकाशावर एक भोक पडतं, असं बाबा सांगत. पोर शाळेतून परस्पर डब्याची पिशवी घेऊन रुग्णालयात जायची. रविवारीसुद्धा एकटीच.

"रविवारी तरी या ना," ती एकदा म्हणाली होती.

"हवेला रविवार नसतो, बाळ."

केवढा अभिमान वाटला होता तिला त्या उत्तराचा! दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांना सांगितलं होतं. इतर मुलींचे बाप दुकानं चालवत, मोटारी चालवत. हिचा बाप हवा सांभाळत होता.

आई उशाला टेकून बसलेली असे. विचारायची, "बाबा?"

"निरीक्षण आहे."

मग आई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघे. "हं. आत्ता काच पुसत असतील." आणि थोड्या वेळानं, "काल दाब किती होता गं?"

पोरीला आकडा पाठ असे. रात्री जेवताना बाबा सांगत, ती तो वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवी आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता आईपुढे खडाखडा म्हणून दाखवी, दशांशासकट. आई डोळे मिटून ऐके, एखादं भजन ऐकावं तशी. घरी येताना पोर रस्त्यानं देवाला सांगायची, देवा, उद्या काटा लवकर थांबू दे, म्हणजे बाबांना येता येईल. काट्यानं कधी ऐकलं नाही. बाबा त्या सात महिन्यांत रुग्णालयात दोनदाच आले. एकदा आईला पोचवायला आणि एकदा न्यायला.

त्याबद्दल बाईंच्या मनात कधी अढी बसली नाही. उलट तेच धरून त्या मोठ्या झाल्या. अंगात ताप असला तरी शाळा चुकवली नाही, कधी पाच मिनिटं उशिरा वर्गात पाऊल टाकलं नाही. लोक कौतुक करत, तेव्हा त्या म्हणत, "आमच्याकडे चार म्हणजे चार."

*

संध्याकाळी बाई शुक्रवारच्या सदऱ्याला बटण लावत बसल्या होत्या. वडील समोर खुर्चीत, मांडीवर कागद. त्यांचं भाषण चाललं होतं. तीन दिवसांपासून चाललं होतं.

"सुरुवात अशी करू का? 'बालमित्रांनो, आपण सगळे हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो.' कसं वाटतंय?"

"छान."

"की आधी टिचकीचं सांगू? पोरांना मजा वाटेल."

"टिचकी त्यांना येते."

"तू शिकवलीस होय!" ते खूश झाले. "मग उरलं काय मला?"

बाईंनी सुई सदऱ्यातून वर काढली. "बाबा, चार वाजताचं निरीक्षण तुमचं कधी चुकलं का हो?"

"एकदाही नाही," वडील म्हणाले. कागदावरून मानही वर न करता, श्वास घ्यावा इतक्या सहज. "एकतीस वर्षांत एकदाही नाही. हेच लिहितो की शेवटी. पोरांना शिस्त कळेल." आणि पेन उघडून त्यांनी ते लिहून घेतलं.

बाईंनी दोरा ओढला. इतका ओढला, की बटणाखालच्या कापडाला चुणी पडली. त्यांनी तो दातानं तोडला, सगळं उसवलं, आणि बटण पहिल्यापासून लावायला घेतलं.

*

गुरुवारी मधल्या सुट्टीत फौजदार डबा न उघडताच टेबलाशी आली.

"बाई, मी उद्या आजोबांना विचारू ना?"

बाईंना काय काय सुचलं. यंत्र दुरुस्तीला गेलं होतं, असं सांगता येईल. ती वही दुसऱ्याच माणसाची आहे, असं सांगता येईल. किंवा नुसतं, 'मोठ्या माणसांना असं विचारू नये,' म्हटलं तरी ही पोर ऐकेल. फौजदार असली तरी अकरा वर्षांची होती. मोठ्यांवर विश्वास ठेवायचं तिचं वय होतं. सोपं होतं. फारच सोपं होतं ते, आणि किती सोपं असतं हे कळल्यावर बाईंना आपल्याच जिभेची भीती वाटली.

"बाई?"

"तुझी वजाबाकी बरोबर आहे?"

"तीनदा केलीय. वटवट्याकडूनही एकदा करून घेतली. त्याचंही तीनच आलं."

"मग विचार."

*

शुक्रवारी शेवटच्या तासाला वडील आले. इस्त्रीचा सदरा, भांग पाडलेला. शिपाईमामांनी त्यांना जिन्यावर हात दिला. मुलं उठून उभी राहिली आणि एका सुरात नमस्ते म्हणाली, तेव्हा म्हातारा एवढा हरखला, की भाषणाचा कागद खिशातच राहिला.

आणि बोलले मात्र असे, की बाईसुद्धा घटकाभर सगळं विसरल्या. हातात हवा धरून दाखवावी तसे बोलले. तळहात पुढे करून म्हणाले, "यावर सध्या एका जाड्या माणसाइतकं वजन आहे." मुलं "खोटं!" म्हणून ओरडली. "मग हात खाली का जात नाही? कारण खालूनही तेवढाच जाडा माणूस वर ढकलतोय." वादळ आलं तेव्हा काटा कसा जिना उतरल्यासारखा उतरत गेला, वारा टेकडीवर चढताना कसा आवाज करतो, हे सांगताना त्यांनी तोंडानं वाराही काढून दाखवला. वटवट्यानं तोंड मिटलं होतं. असं त्या वर्गात पहिल्यांदाच घडत होतं.

"आणि एक लक्षात ठेवा. एकतीस वर्षांत एक निरीक्षण..."

"आजोबा, एक विचारू?" फौजदार उभी राहिली होती. कागद तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

"विचार की. कोण गं तू?"

"ती फौजदार आहे," दोन-तीन जण एकदम म्हणाले.

"अरे बापरे! मग उत्तर जपूनच द्यायला हवं."

तिनं पुढे येऊन आलेख टेबलावर पसरला आणि बोट ठेवून दाखवलं. वडिलांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं. वाकलेलेच राहिले. बाई फळ्याशी उभ्या होत्या. तिथून त्यांना फक्त वडिलांचा कान आणि मानेवरचे पांढरे केस दिसत होते.

"हं," वडील सरळ होत म्हणाले. "यंत्र अडकलं असेल तेव्हा. जुनं होतं ना. काटा रुतायचा."

"सात महिने?"

"असेल."

"पण सकाळी दहाला नीट चालायचा. फक्त चारलाच रुतायचा?"

वर्गात हसू फुटलं. वडीलही हसले, जरासे. "यंत्रं लहरी असतात, बाळ. तू कुठेतरी वजाबाकीत चुकली असशील. पुन्हा एकदा करून बघ."

फौजदारनं कागदाकडे पाहिलं. मग वडिलांकडे. कान लाल झाले तिचे. "असेल," ती हळूच म्हणाली आणि आलेखाची घडी घालू लागली.

"तिचा आलेख बरोबर आहे, बाबा," बाई म्हणाल्या.

तासभर त्यांना 'निरीक्षकसाहेब' म्हणत होत्या. आता तोंडातून बाबा गेलं. आवाज चढला नव्हता. खडू खाली ठेवताना काढतात तेवढाच होता.

वडिलांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला नाही. लेकीकडे पाहायच्या ऐवजी त्यांनी त्या पोरीकडे पाहिलं आणि तिच्याशीच बोलले.

"बरोबर आहे तुझा आलेख. मी तिथे नव्हतो."

"मग कुठे होता?"

"तळ्यावर. तिथे एक बाक होता."

"तिथे काय करायचात?"

"काही नाही. बसायचो. पाच वाजले की उठायचो."

मग मागच्या बाकावरून वटवट्याला राहवेना. "म्हणजे आजोबांनी दांडी मारली!"

वर्ग फुटला. बाकं वाजली. "सात महिने दांडी!" "आणि आकडे ठोकून दिले!" "आजोबा, तुम्हाला शिक्षा नाही झाली?" आणि वडील... वडील हसायला लागले. आधी ओठांत, मग खांदे हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं होतं. वर्षानुवर्षांचं ओझं हमालानं फलाटावर टाकावं तसं. "नाही झाली," ते म्हणाले, "कुणी पकडलंच नाही. आज ही फौजदार भेटली."

बाई हसणाऱ्या वडिलांकडे बघत होत्या. पस्तीस वर्षं एका घरात राहून जे त्यांना मिळालं नव्हतं, ते एका पोरीनं दोन प्रश्नांत काढून घेतलं होतं आणि सगळा वर्ग त्यावर टाळ्या देत होता. त्यांचे हात खडूनं माखले होते. ते त्यांनी पदराला पुसले, जे त्या कधी करत नसत.

फौजदार एकटी हसत नव्हती. तिचं अजून संपलं नव्हतं.

"आजोबा, पण मग घरी काय सांगायचात?"

हसू पुढच्या बाकांपासून मागे विरत गेलं. वडिलांनी तोंड उघडलं, आणि या वेळी लेकीकडे पाहिलं.

"घरी सांगायचे, निरीक्षण आहे म्हणून," बाई म्हणाल्या.

"आणि घरच्यांना खरं वाटायचं?"

"वाटायचं."

फौजदारनं मान हलवली. तिचं समाधान झालं होतं. निदान हिशोब जुळला होता. "मग बाई, मी त्या चौकोनांत काय भरू? ते आकडे तर खरे नाहीत."

"काही भरू नकोस. रिकामे सोड."

"सगळे?"

"सगळे."

घंटा झाली.

*

मुलं गेली. जाताना एकेकानं आजोबांशी हात मिळवला, वटवट्यानं तर दोनदा. खाली मैदानात कालवा झाला, फाटकाबाहेर गेला, आणि शाळा आठवडाअखेरीस होते तशी एकदम मोठी आणि पोकळ झाली. टोकाच्या वर्गापासून शिपाईमामा एकेक दार ओढून कुलूप लावत येत होते.

वडील अजून बाईंच्या खुर्चीत बसले होते.

"मला बघवत नव्हतं," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी फाटकापर्यंत गेलो होतो. पाय उचलेना. तसाच तळ्यावर गेलो. दुसऱ्या दिवशी म्हटलं, आज नक्की. मग..."

बाई फळा पुसत होत्या. पुसून झालेलाच पुन्हा पुसत होत्या.

"आई रोज घड्याळाकडे बघायची," त्या म्हणाल्या. "म्हणायची, आत्ता काच पुसत असतील. शेवटच्या दिवशीसुद्धा म्हणाली. तिला असं फसवून..."

"तिला माहीत होतं."

डस्टर थांबलं.

"दुसऱ्याच आठवड्यात मी तिला लिहून कळवलं. तिच्याशी खोटं बोलता येत नसे मला. तिचं उत्तर आलं, की तुम्ही नकाच येऊ. माझा चेहरा तुम्हाला बघवत नाही आणि तुमचा मला. पोरीला मात्र कळू देऊ नका. निरीक्षण आहे म्हणून सांगा. तिला एक तरी गोष्ट पक्की राहू दे." वडिलांनी चष्मा खिशात ठेवला. "तूच आणलीस ते उत्तर. डब्याच्या पिशवीतून."

बाईंना त्या चिठ्ठ्या आठवल्या. चौकोनी घडीच्या, डब्याखाली ठेवलेल्या. अधूनमधून जायच्या, यायच्या. वाणसामानाच्या याद्या असतील, असं वाटलं होतं. कधी उघडून पाहिल्या नाहीत. दुसऱ्याची चिठ्ठी वाचू नये, असं आईनंच शिकवलं होतं.

"म्हणजे मी आकडे म्हणून दाखवायचे, तेव्हा?"

"तिला ठाऊक होतं, मी ते बसल्या जागी लिहितो म्हणून."

"तरी रोज विचारायची?"

"तुला सांगायला आवडायचं," वडील म्हणाले.

बाईंनी डस्टर टेबलावर ठेवलं. कडेला समांतर, सरळ. खिडकीतून वारा आला आणि आलेखाचे कागद एकेक करून उचलले गेले. त्यांनी त्यांवर हात ठेवला. त्या घरात तिघं होती. त्यातल्या दोघांना माहीत होतं. तिसरी सात महिने पिशवी घेऊन मधल्या रस्त्यानं पळत होती, एकाचं खोटं दुसऱ्याकडे पोचवत, आणि दोन्हीकडे तिचं कौतुक होत होतं.

वडील उठले. टेबलाच्या कडेला धरून उभे राहिले. रागावण्याची, रडण्याची, कशाची तरी ते वाट पाहत होते. काहीच आलं नाही, तेव्हा म्हणाले, "चल बाळ. घरी जाऊ. बोलू चालता चालता."

"तुम्ही व्हा पुढे," बाई म्हणाल्या. "मला अजून एक तास आहे."

शिपाईमामांनी शेजारच्या वर्गाचं दार ओढलं. कुलूप खटकन बसलं. खाली सबंध मैदानात एक चिटपाखरू नव्हतं.

वडिलांनी मैदानाकडे पाहिलं, शिपायाकडे पाहिलं, आणि मग लेकीकडे. बाईंनी हजेरीपट उघडला होता.

"हो का," ते म्हणाले. "बरं, बरं. तास चुकवू नकोस."

ते जिन्याकडे गेले. कठड्याला दोन्ही हातांनी धरून, एक पाय खाली, मग दुसरा त्याच्याशेजारी, असे उतरू लागले. प्रत्येक पायरीचा आवाज वर्गापर्यंत येत होता. बाई हजेरीपटावर बोट ठेवून तो ऐकत राहिल्या, पण हात द्यायला उठल्या नाहीत.